घटक ६ : अंतराळयानातील ओलावा – बहुवारिके आणि वायुविमोचन

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला –

• बहुवारिके हवेतील ओलावा कसा शोषतात, हे सांगता येईल.
• निर्वातात हा ओलावा व इतर बाष्पशील द्रव्ये बाहेर का पडतात, हे स्पष्ट करता येईल.
• बाहेर पडलेल्या रेणूंमुळे यानातील आरसे, कॅमेरे व सांगाडे यांवर होणारे परिणाम उदाहरणांसह मांडता येतील.
• पदार्थ निवडण्याच्या कसोट्या आणि त्यांच्या मर्यादा यांची चर्चा करता येईल.

६.१ प्रास्ताविक

पावसाळ्यात डब्याबाहेर राहिलेला पापड मऊ पडतो आणि उन्हाळ्यात सहज उघडणारे लाकडी दार चौकटीत घट्ट बसते. हवेतला ओलावा डोळ्यांना न दिसता पदार्थात शिरतो आणि त्याचे गुणधर्म बदलतो, हा आपल्या सर्वांच्या परिचयाचा अनुभव आहे. पुढे हवा कोरडी झाली की हाच ओलावा तितक्याच गुपचूप निघूनही जातो. घरात या देवाणघेवाणीमुळे फारसे काही बिघडत नाही. मात्र पृथ्वीवर असताना पदार्थात शिरलेला ओलावा अंतराळात गेल्यावर बाहेर पडू लागला, तर त्याचे मोल फार मोठे असू शकते.

युरोपीय अंतराळ संस्थेची ‘यूक्लिड’ ही दुर्बीण १ जुलै २०२३ रोजी प्रक्षेपित झाली. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरून अब्जावधी दीर्घिकांचे आकार टिपायचे आणि त्यावरून विश्वातील अदृश्य द्रव्याचा व ऊर्जेचा शोध घ्यायचा, हे तिचे कार्य. नोव्हेंबर २०२३ मध्ये शास्त्रज्ञांच्या असे ध्यानात आले की, वारंवार मोजल्या जाणाऱ्या काही ताऱ्यांचा प्रकाश हळूहळू कमी भरत आहे. तारे मंदावलेले नव्हते. दुर्बिणीच्या अतिशीत प्रकाशीय भागांवर पाण्याच्या बर्फाचा काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर जाडीचा थर साचत होता. केसाच्या जाडीच्या हजारांश भागाइतकाही तो नव्हता. हे पाणी अंतराळातून आलेले नव्हते. यानाची जुळणी चालू असताना पृथ्वीवरील हवेतूनच ते यानात शिरले होते.

अशा ठिकाणी कोणी फडके घेऊन आरसा पुसायला जाऊ शकत नाही. म्हणूनच हे पाणी यानात कोठे दडते, केव्हा बाहेर पडते आणि कोठे जाऊन बसते, हे आधीच समजून घ्यावे लागते. प्रस्तुत घटकात आपण याच तीन प्रश्नांचा विचार करणार आहोत.

६.२ अंतराळयानात बहुवारिके का लागतात?

लहान रेणू साखळीतील कड्यांप्रमाणे एकमेकांना जोडले जाऊन जो दीर्घ रेणू तयार होतो, त्याला बहुवारिक किंवा पॉलिमर म्हणतात. लाकडातील सेल्युलोज आणि धान्यातील पिष्ट ही निसर्गातील बहुवारिके होत. नायलॉन, टेफ्लॉन, सिलिकोन, इपॉक्सी ही मानवनिर्मित बहुवारिके होत.

अंतराळयान म्हटले की धातूचा चकाकता सांगाडा डोळ्यांसमोर येतो. परंतु प्रत्यक्षात यानात बहुवारिकांचे प्रमाण मोठे असते. यानाभोवती दिसणारे सोनेरी किंवा रुपेरी आवरण हे पातळ बहुवारिक पटलांच्या अनेक थरांचे असते. या पटलांवर अॅल्युमिनियमचा अत्यंत पातळ लेप दिलेला असतो. सोनेरी रंग सोन्याचा नसून बहुधा पॉलिइमाइड नावाच्या पिवळसर पटलाचा असतो. या बहुस्तरीय आवरणामुळे यानाचे अतिउष्णता व अतिशीतता यांपासून रक्षण होते. विद्युत तारांची वेष्टने, मंडलांचे फलक, भाग चिकटवणारे गोंद, रंग, सांधे बंद करणारी द्रव्ये, तसेच कार्बनतंतू आणि राळ यांपासून केलेले संमिश्र सांगाडे या सर्वांत बहुवारिके असतात. ती वजनाने हलकी, विद्युतरोधक आणि हवा तसा आकार देता येण्याजोगी असतात. या गुणांमुळे त्यांना वगळून यान बांधणे शक्य होत नाही. आणि ती वापरायची म्हणजे त्यांचे दोषही सोबत घ्यावे लागतात.

६.३ ओलावा आत कसा शिरतो?

पदार्थाच्या केवळ पृष्ठभागावर रेणू चिकटून राहतात, तेव्हा त्या क्रियेला *अधिशोषण* म्हणतात. रेणू पृष्ठभाग ओलांडून पदार्थाच्या अंतर्भागात सामावले जातात, तेव्हा त्या क्रियेला *शोषण* म्हणतात. काच व धातू यांच्या बाबतीत पाण्याचे प्रामुख्याने अधिशोषण होते. बहुवारिकांच्या बाबतीत मात्र शोषणही मोठ्या प्रमाणावर होते. त्यांच्या दीर्घ साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असल्या, तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म पोकळ्या उरतात. पाण्याचा रेणू अतिशय लहान असल्याने तो या पोकळ्यांतून मार्ग काढत जातो. साखळीवर पाण्याला आकर्षून घेणारे रासायनिक गट असतील, तर तो तेथे सैलसर बांधलाही जातो.

सर्व बहुवारिके सारखेच पाणी शोषत नाहीत. टेफ्लॉनच्या साखळीला पाण्याचे आकर्षण जवळजवळ नसते. त्याचे शोषण वस्तुमानाच्या ०.०१ टक्क्याहूनही कमी असते. यानाच्या आवरणांत वापरले जाणारे पॉलिइमाइड पटल ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत आपल्या वस्तुमानाच्या सुमारे १.८ टक्के पाणी घेते. ते पाण्यात बुडवून ठेवल्यास हे प्रमाण २.८ टक्क्यांपर्यंत जाते. नायलॉन तर याहूनही अधिक जलशोषी आहे.

हे आकडे वरवर पाहता क्षुल्लक वाटतात. ते खरोखर क्षुल्लक आहेत का, हे एका साध्या हिशेबाने पाहू. समजा, एखाद्या यानावर १० किलोग्रॅम पॉलिइमाइड आहे. १.८ टक्के या दराने त्यात १८० ग्रॅम पाणी, म्हणजे साधारण एक पेलाभर पाणी सामावलेले असेल. आता १.२ मीटर व्यासाच्या आरशावर १० नॅनोमीटर जाडीचा बर्फाचा थर साचण्यासाठी किती पाणी लागेल? आरशाचे क्षेत्रफळ सुमारे १.१ चौरस मीटर आहे. त्यावरील अशा थरासाठी अवघे ०.०१ ग्रॅम पाणी पुरते. म्हणजेच आवरणातील पाण्याच्या सुमारे अठरा हजारांश भाग जरी आरशापर्यंत पोहोचला, तरी आरसा झाकला जातो. ओलाव्याचा प्रश्न ‘किती थोडा’ असा नसून ‘कोठे जातो’ असा आहे, हे या हिशेबावरून स्पष्ट होते.

६.४ निर्वातात काय घडते?

पृथ्वीवर पदार्थातून पाण्याचे रेणू सतत बाहेर पडत असतात आणि हवेतील रेणू सतत आत शिरत असतात. दोन्ही क्रियांचा वेग सारखा झाला की समतोल साधतो. अंतराळात मात्र बाहेर हवाच नसल्याने आत शिरणारे रेणू उरत नाहीत. समतोल मोडतो आणि केवळ बाहेर पडण्याची क्रिया चालू राहते. घन पदार्थात सामावलेले वायू व बाष्प निर्वातात अशा रीतीने बाहेर पडण्याच्या क्रियेला इंग्रजीत ‘आउटगॅसिंग’ म्हणतात. प्रस्तुत घटकात तिच्यासाठी *वायुविमोचन* ही संज्ञा योजली आहे. पदार्थ स्वतः वायू ‘निर्माण’ करत नाही. पूर्वी धरून ठेवलेला वायू तो ‘सोडतो’. हा फरक ‘विमोचन’ या शब्दातून नेमका व्यक्त होतो.

बाहेर पडणारे रेणू दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार पाण्याचा. दुसरा प्रकार सेंद्रिय द्रव्यांचा होय. बहुवारिक तयार होताना साखळीत न जोडले गेलेले लहान रेणू, मऊपणासाठी घातलेली द्रव्ये, द्रावकांचे अवशेष, सिलिकोनमधील आखूड साखळ्या इत्यादींचा त्यात समावेश होतो. नव्या मोटारीत बसल्यावर येणारा विशिष्ट वास आणि काही दिवसांनी तिच्या काचेवर आतून चढणारा धूसर थर, हे या दुसऱ्या प्रकाराचे रोजच्या व्यवहारातील उदाहरण आहे.

वायुविमोचनाचा वेग मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असतो : जाडी आणि तापमान.

(अ) जाडी : पदार्थाच्या अंतर्भागातील रेणूला पृष्ठभागापर्यंत वाट काढत यावे लागते. या क्रियेला *विसरण* म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ आडोल्फ फिक यांनी १८५५ मध्ये तिचे नियम मांडले. त्यांवरून असे दिसते की, विसरणाला लागणारा काळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट झाली तर काळ चौपट होतो; जाडी दहापट झाली तर तो शंभरपट होतो. वाळवण घालणाऱ्या गृहिणीला हे अनुभवाने ठाऊक असते. पातळ पापड एका उन्हात वाळतात, जाड सांडग्यांना मात्र अनेक दिवस ऊन द्यावे लागते. त्याचप्रमाणे पातळ पटल काही तासांत पाणी सोडते. काही मिलिमीटर जाडीच्या संमिश्र सांगाड्याला त्यासाठी महिने, कधी वर्षेही लागतात.

(आ) तापमान : तापमान वाढले की रेणूंची हालचाल वाढते आणि विसरणाचा वेग झपाट्याने चढतो. तापमान उतरले की तो तितक्याच झपाट्याने मंदावतो. परिणामी, यानाच्या अतिशीत भागांत पाणी जणू कोंडून राहते आणि वर्षानुवर्षे थोडेथोडे बाहेर झिरपत राहते. धूमकेतूच्या अभ्यासासाठी २००४ मध्ये निघालेल्या ‘रोझेटा’ यानावर वायूंचे अतिशय संवेदनशील मापन करणारे उपकरण होते. प्रवासात अनेक वर्षे लोटल्यानंतरही त्या उपकरणाला यानाभोवती खुद्द यानातूनच सुटलेल्या वायूंचे विरळ आवरण आढळत होते आणि त्यात पाण्याचे प्रमाण ठळक होते. अंतराळात गेल्यावर यान लगेच ‘कोरडे’ होते, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

*स्वयं-अध्ययन प्रश्न १ : एकाच पदार्थाच्या दोन पट्ट्या आहेत. एकीची जाडी ०.१ मिलिमीटर, तर दुसरीची १ मिलिमीटर आहे. तापमान सारखेच असल्यास दुसऱ्या पट्टीला वाळण्यास पहिलीच्या किती पट काळ लागेल? कारण सांगा.*

६.५ बाहेर पडलेले रेणू कोठे जातात?

निर्वातात एखादा रेणू पृष्ठभागावरून सुटला की त्याच्या मार्गात दुसरा रेणू आडवा येण्याची शक्यता नगण्य असते. तो सरळ रेषेत जातो. त्याच्या मार्गात यानाचाच दुसरा एखादा भाग आला, तर तो त्यावर आदळतो, काही काळ तेथे थांबतो आणि पुन्हा सुटतो. हा थांबण्याचा काळ पृष्ठभागाच्या तापमानावर ठरतो. उबदार पृष्ठभागावर पाण्याचा रेणू क्षणभरही टिकत नाही. उणे १४० अंश सेल्सिअससारख्या तापमानाच्या पृष्ठभागावर मात्र तो जणू कायमचा बसतो. म्हणून यानातील सर्वांत थंड भाग हा ओलाव्याचा अखेरचा मुक्काम ठरतो. दुर्दैवाने दूरच्या ताऱ्यांचा क्षीण प्रकाश टिपणाऱ्या उपकरणांना अनेकदा तितकेच थंड ठेवावे लागते. जे उपकरण सर्वाधिक जपायचे, त्याच्याकडेच ओलावा ओढला जातो, हे या समस्येचे मर्म होय.

सेंद्रिय रेणूंची गोष्ट काहीशी निराळी आहे. त्यांतील जड रेणू सामान्य तापमानाच्या पृष्ठभागावरही चिकटतात. त्यांवर सूर्याचे अतिनील किरण पडले, तर ते एकमेकांना जोडले जाऊन पक्के बसतात आणि पिवळसर किंवा तपकिरी पटल तयार होते. सौरवाऱ्याचे कण गोळा करून सप्टेंबर २००४ मध्ये पृथ्वीवर परतलेल्या ‘जेनेसिस’ यानाच्या संग्राहक पट्ट्यांवर असे तपकिरी डाग आढळले होते. बर्फ ऊब दिल्याने उडून जातो. असे पक्के झालेले पटल मात्र ऊब देऊनही हटत नाही.

या परिणामांची आणखी दोन उदाहरणे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. हबल दुर्बिणीत डिसेंबर १९९३ मध्ये बसवलेल्या दुसऱ्या विस्तृत-क्षेत्र कॅमेऱ्याचे प्रकाशग्राही उणे ८८ अंश सेल्सिअस तापमानाला चालत. त्यांच्यासमोरील थंड खिडक्यांवर साचणाऱ्या द्रव्यामुळे अतिनील प्रकाश अडत असे. म्हणून साधारणतः दरमहा हा कॅमेरा मुद्दाम उबदार करून तो थर घालवावा लागे. दुसरे उदाहरण शनीकडे निघालेल्या ‘कॅसिनी’ यानाचे. २००१ मध्ये देखभालीसाठी त्याचा अरुंद-क्षेत्र कॅमेरा ३० अंशांपर्यंत तापवून पुन्हा उणे ९० अंशांना आणल्यावर ताऱ्यांच्या प्रतिमांभोवती धुके दिसू लागले. त्यानंतर कॅमेरा वारंवार सुमारे ४ अंशांपर्यंत उबदार करण्यात आला आणि जुलै २००२ पर्यंत प्रतिमा पूर्ववत झाल्या. या प्रसंगावरून ऊब देण्याच्या उपायाची दुसरी बाजूही दिसते. ऊब दिल्याने एका ठिकाणचा थर उडतो. परंतु उडालेले रेणू पुढे कोठे बसतील, याचाही विचार करावा लागतो.

६.६ सांगाड्याचे आकुंचन

ओलाव्याने लाकडी दार फुगते. वाळल्यावर ते आकसते. कार्बनतंतू आणि इपॉक्सी राळ यांच्या संमिश्र सांगाड्यालाही हाच नियम लागू पडतो. तापमानातील बदलांमुळे असे सांगाडे फारच थोडे प्रसरण पावतात, म्हणून दुर्बिणींसाठी ते पसंत केले जातात. परंतु त्यांच्यातील राळ पृथ्वीवर ओलावा घेते आणि कक्षेत तो सोडताना सांगाडा किंचित आखूड होतो.

हबल दुर्बिणीचे दोन आरसे एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवणारा सांगाडा अशाच संमिश्राचा आहे. १९९० मध्ये प्रक्षेपण झाल्यानंतर ओलावा बाहेर पडत गेला, तसतसा हा सांगाडा आकसत गेला. आरशांमधील अंतर काही मायक्रॉनांनी बदलले तरी प्रतिमेची स्पष्टता कमी होते. त्यामुळे दुय्यम आरसा वेळोवेळी बाहेरच्या दिशेला सरकवावा लागला. कालांतराने या सर्व दुरुस्त्यांची बेरीज १०० मायक्रॉनांहून अधिक झाली. हे आकुंचन अपेक्षित असल्याने आरसा सरकवण्याची सोय मुळातच ठेवलेली होती. ज्या दोषाचे उच्चाटन करता येत नाही, त्याचा अंदाज घेऊन रचनेत त्याला जागा ठेवणे, ही अभियांत्रिकीची एक महत्त्वाची रीत आहे. पुढील काळात अनेक यानांसाठी इपॉक्सीऐवजी कमी ओलावा घेणारी सायनेट एस्टर राळ वापरली जाऊ लागली, तीही याच विचारातून.

६.७ पदार्थाची कसोटी आणि तिच्या मर्यादा

कोणता पदार्थ यानात वापरावा, हे ठरवण्यासाठी अमेरिकेतील एएसटीएम या मानक संस्थेची ‘ई-५९५’ ही कसोटी जगभर प्रचलित आहे. तिचे स्वरूप पुढीलप्रमाणे आहे. पदार्थाचा छोटा नमुना आधी ५० टक्के आर्द्रतेत २४ तास ठेवून त्याचे वजन करतात. नंतर तो निर्वातात १२५ अंश सेल्सिअस तापमानाला २४ तास तापवतात. नमुन्यासमोर २५ अंशांना राखलेली एक चकती असते. अखेरीस दोन गोष्टी मोजल्या जातात. नमुन्याच्या वस्तुमानात झालेली एकूण घट ही पहिली गोष्ट. ती १ टक्क्याहून अधिक नसावी. समोरच्या चकतीवर जमलेले द्रव्य ही दुसरी, ते ०.१ टक्क्याहून अधिक नसावे. नमुना पुन्हा ५० टक्के आर्द्रतेत २४ तास ठेवून त्याने परत किती पाणी घेतले, हेही मोजता येते. त्यावरून एकूण घटीपैकी पाण्याचा वाटा किती होता, याचा अंदाज येतो.

युरोपातील मानकात हे परत घेतलेले पाणी एकूण घटीतून वजा करून मिळणाऱ्या आकड्याला १ टक्क्याची मर्यादा लावली जाते. यामागील युक्तिवाद असा की, पाणी सामान्य तापमानाच्या पृष्ठभागावर बसत नाही, म्हणून केवळ पाण्यामुळे एखादा उत्तम पदार्थ बाद करू नये. दळणवळणाच्या उपग्रहासाठी हा युक्तिवाद पुष्कळसा योग्य आहे. अतिशीत दुर्बिणीसाठी मात्र तो अपुरा पडतो. कसोटीतील चकती २५ अंशांना असते, तर दुर्बिणीचा आरसा उणे १४७ अंशांना. चकतीवर पाणी टिकणारच नाही. आरशावर मात्र ते टिकेल. पदार्थ कसोटीला उतरला, याचा अर्थ तो प्रत्येक यानासाठी निर्धोक आहे, असा होत नाही.

हा फरक ध्यानात घेऊन एएसटीएमची ‘ई-१५५९’ ही दुसरी पद्धत वापरली जाते. तीत निरनिराळ्या थंड तापमानांना राखलेल्या स्फटिक-तराजूंवर बाष्प जमू देतात आणि ते कोणत्या वेगाने जमते, हे सतत मोजतात. पहिली कसोटी ‘किती बाहेर पडते’ हे सांगते. दुसरी ‘किती वेगाने पडते आणि किती थंड पृष्ठभागावर बसते’ हे सांगते.

*स्वयं-अध्ययन प्रश्न २ : ई-५९५ कसोटीत उत्तीर्ण झालेले पॉलिइमाइड पटल अतिशीत दुर्बिणीला अपायकारक का ठरू शकते? चार-पाच वाक्यांत लिहा.*

६.८ उपाययोजना

उपायांचे दोन टप्पे पडतात : प्रक्षेपणापूर्वीचे आणि प्रक्षेपणानंतरचे.

*प्रक्षेपणापूर्वी* योग्य पदार्थ निवडणे, हा पहिला उपाय. दुसरा उपाय म्हणजे भाग निर्वात कक्षात तापवून त्यांतील बाष्पशील द्रव्ये काढून टाकणे. याला *निर्वात-शुष्कन* म्हणता येईल. येथे एक भेद नीट समजून घ्यावा. सेंद्रिय अवशेष एकदा निघून गेले की परत येत नाहीत, म्हणून त्यांच्या बाबतीत शुष्कनाचा लाभ कायमचा असतो. पाण्याच्या बाबतीत तो तात्पुरता असतो; कारण पटल पुन्हा हवेत आले की काही तासांतच नव्याने ओलावा घेते. वाळवण पावसात राहिले तर उन्हाचे श्रम वाया जातात, तसाच हा प्रकार. म्हणून नाजूक उपकरणांतून कोरडा नायट्रोजन वाहता ठेवला जातो.

मग जुळणीच्या दालनातील हवाच पूर्ण कोरडी का ठेवत नाहीत, असा प्रश्न कोणालाही पडेल. अतिकोरड्या हवेत स्थिर विद्युत साचते आणि तिच्या ठिणगीने इलेक्ट्रॉनिक भाग निकामी होऊ शकतात. त्यामुळे अशा दालनांत मध्यम आर्द्रता मुद्दाम राखली जाते. एका धोक्यापासून वाचण्यासाठी दुसऱ्या धोक्याचा काही अंश पत्करावा लागतो. त्यात बहुतेक प्रक्षेपण केंद्रे समुद्रकिनारी, दमट हवेच्या प्रदेशात आहेत. सर्व काळजी घेऊनही थोडा ओलावा यानासोबत जातोच.

*प्रक्षेपणानंतर* प्रतीक्षा आणि ऊब हे दोन उपाय उरतात. भारताच्या ‘अॅस्ट्रोसॅट’ उपग्रहावरील अतिनील दुर्बीण हे प्रतीक्षेचे चांगले उदाहरण आहे. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या दुर्बिणीत पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेचाही सहभाग होता. उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून कक्षेत गेला. परंतु या दुर्बिणीची झाकणे ३० नोव्हेंबरपर्यंत बंद ठेवण्यात आली. यानाचे आरंभीचे वेगवान वायुविमोचन ओसरावे, हा त्यामागील हेतू होता. अतिनील प्रकाश सेंद्रिय द्रव्याच्या अतिशय पातळ थरानेही शोषला जातो, म्हणून अशा उपकरणांना ही काळजी अधिक घ्यावी लागते. आयुकाच्या नेतृत्वाखाली तयार झालेली आणि २०२३ मध्ये ‘आदित्य-एल१’ यानातून गेलेली सौर दुर्बीणही २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशातच सूर्याचे निरीक्षण करते.

ऊब देण्याच्या उपायासाठी आपण पुन्हा यूक्लिडकडे वळू. संपूर्ण दुर्बीण तापवली असती तर बर्फ नक्कीच गेला असता. परंतु तापल्याने यानाचे भाग प्रसरण पावले असते. पुन्हा थंड झाल्यावर ते तंतोतंत पूर्वीच्याच जागी येतील, याची खात्री नव्हती. दीर्घिकांच्या आकारातील अतिसूक्ष्म विकृती मोजणाऱ्या दुर्बिणीसाठी हा धोका बर्फाइतकाच गंभीर होता. म्हणून मार्च २०२४ मध्ये आरसे एकेक करून आणि शक्य तितके थोडे तापवण्याचे ठरले. पहिला आरसा उणे १४७ अंशांवरून उणे ११३ अंशांपर्यंत, म्हणजे केवळ ३४ अंशांनी, उबदार करण्यात आला. उणे ११३ अंश हे तापमान आपल्या दृष्टीने भयंकर थंड आहे. परंतु निर्वातात बर्फाचे थेट बाष्प होण्यास, म्हणजेच *संप्लवनास*, तेवढी ऊब पुरेशी ठरली. सुमारे १०० मिनिटांत दुर्बिणीत येणारा प्रकाश १५ टक्क्यांनी वाढला.

यश मिळाले, तरी प्रश्न कायमचा मिटला असे मात्र नाही. यानाच्या थंड भागांत अजून पाणी आहे आणि ते सावकाश बाहेर पडत राहील. त्यामुळे ऊब देण्याची ही क्रिया पुढेही अधूनमधून करावी लागणार, हे गृहीत धरूनच दुर्बिणीचे कार्य चालू आहे.

६.९ सारांश

बहुवारिके पृथ्वीवरील हवेतून ओलावा शोषतात. निर्वातात समतोल मोडल्याने तो ओलावा आणि इतर बाष्पशील द्रव्ये बाहेर पडतात. या क्रियेस वायुविमोचन म्हणतात. तिचा वेग पदार्थाची जाडी आणि तापमान यांवर अवलंबून असतो. बाहेर पडलेले पाणी यानातील सर्वांत थंड पृष्ठभागावर बर्फरूपाने साचते. सेंद्रिय द्रव्ये अतिनील किरणांमुळे पक्की बसतात. आणि ओलावा गमावलेला संमिश्र सांगाडा आकसतो. मानक कसोट्यांमुळे अयोग्य पदार्थ गाळता येतात. परंतु कसोटीतील परिस्थिती आणि प्रत्यक्ष यानातील परिस्थिती यांत फरक असल्यास उत्तीर्ण पदार्थही अपाय करू शकतो. योग्य निवड, निर्वात-शुष्कन, कोरड्या वायूचा प्रवाह, प्रतीक्षा आणि नियंत्रित ऊब हे उपाय एकमेकांना पूरक आहेत. त्यांपैकी कोणताही एक उपाय पूर्ण संरक्षण देत नाही. अंतराळयान पृथ्वी सोडून जाते, तेव्हा पृथ्वीच्या हवेचा थोडा अंश आपल्यासोबत नेते. त्या अंशाचा हिशेब जमिनीवर असतानाच मांडून ठेवावा लागतो.

६.१० सरावासाठी स्वाध्याय

१. शोषण आणि अधिशोषण यांतील फरक दैनंदिन जीवनातील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करा.

२. ‘जे उपकरण सर्वाधिक जपायचे, त्याच्याकडेच ओलावा ओढला जातो’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.

३. पाणी आणि सेंद्रिय द्रव्ये यांच्या वायुविमोचनात व त्यांवरील उपायांत कोणते भेद आहेत?

४. यूक्लिड दुर्बीण संपूर्ण न तापवता तिचे आरसे एकेक करून उबदार करण्याचा निर्णय का घेण्यात आला असावा? तुमच्या शब्दांत मांडा.

५. तुमच्या घरातील किंवा व्यवसायातील एखाद्या पदार्थावर पावसाळ्यात व उन्हाळ्यात होणाऱ्या बदलांचे निरीक्षण करा आणि या घटकातील संज्ञा वापरून त्यावर सुमारे १५० शब्दांचे टिपण लिहा.